वाटेवरचे पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला होता. त्याने जालन्यात नवे घर बांधले आणि मागच्या अंगणात एक छोटे तळे केले. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. एका कडेला दगड रचून त्यावरून पाणी पडेल असा धबधबा, आणि पाण्यात जपानी कोई मासे. पांढऱ्यावर तांबडे, पिवळे, काळे ठिपके असलेले चाळीस मासे त्याने एकदमच आणले होते. आठव्या दिवशी त्यांतले तीस पोट वर करून तरंगत होते. तो म्हणाला, "मामू, पानी तो आईने जैसा साफ था. फिर भी गयीं."

मी काही माशांचा जाणकार नाही. मी कविता लिहिणारा माणूस. पण आरशासारखे स्वच्छ पाणी आणि त्यात मेलेले मासे, हे कोडे माझ्या डोक्यातून जाईना. ते सोडवता सोडवता मी आमच्या भागातल्या जुन्या हौदांपर्यंत जाऊन पोहोचलो. आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

अंगणात पाणी, पाण्यात मासे आणि वरून पडणारी धार ही हौस आपल्याकडे जपानमधून आली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्याने माशांच्या जाती, त्यांचे खाणे आणि त्यांना गळाला लावण्याच्या युक्त्या यांसाठी वेगळी जागा दिली आहे. आता गळाला लावणे म्हणजे काही पाळणे नव्हे. पण कोणता मासा काय खातो याची इतकी बारीक चौकशी करणारा राजा तासन्‌तास पाण्याकाठी बसलेला असणार. पुढे 1665 च्या सुमारास औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच वैद्य बर्निए तिथल्या एका शाही बागेतल्या माशांबद्दल लिहितो. हाक मारली किंवा भाकरीचा तुकडा टाकला की मासे जवळ येत. मोठ्या माशांच्या कल्ल्यांत सोन्याच्या कड्या होत्या आणि त्या नूरजहानने घातल्या असे लोक सांगत.

मोगली बागांमध्ये पाणी पडण्याच्या जागेला 'चादर' म्हणत. उतरता दगड, त्यावर नक्षीचे खवले कोरलेले. पाणी त्या खवल्यांवर आपटत, फुटत, पांढरे होत खाली येई. ते दिसायला सुंदर होतेच. पण त्या फुटण्यात आणखी एक काम होई. हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळे. कारागिराला प्राणवायू हा शब्द ठाऊक नसेल. पडणारे पाणी जिवंत राहते आणि साचलेले मरते एवढे त्याला नक्की ठाऊक होते.

आमच्याजवळचा याचा उत्तम नमुना म्हणजे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. लहानपणी अब्बांचे बोट धरून मी तिथे पहिल्यांदा गेलो. अब्बांनी दहा पैशांचे मुरमुरे घेऊन दिले होते. मूठभर टाकले की पाण्याखालून माशांची झुंबड वर येई. मला तेव्हा मासे दिसले, पाण्याची धार दिसली. नहर दिसली नाही. ती दिसण्यासारखी नसतेच, जमिनीखालून येते.

बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा दर्गा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जागा आजच्या रूपाला आली. हर्सूलच्या बाजूच्या झऱ्यांचे पाणी मातीच्या खापरी नळांतून काही किलोमीटर दूर इथवर आणले. वाटेत पंप नाही, इंजिन नाही. फक्त जमिनीचा उतार. शेवटी ते पाणी एका उंच बांधीव भिंतीत चढवले. मागच्या पाण्याच्या दाबाने ते वर चढते आणि तिथून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर चक्की फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत; उन्हाळ्यात खाली बसलेल्याला वरच्या पाण्याचा गारवा. हौदातले जास्तीचे पाणी शेजारच्या खाम नदीत. हे शहर 'खडकी' या नावाने 1610 साली मलिक अंबरने वसवले आणि नहरीचे शास्त्रही त्यानेच इथे रुजवले. नळांत अडकलेली हवा निघून जावी आणि दाब सांभाळला जावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधत. लोक त्यांना 'बंबे' म्हणत. त्यांतले काही अजून उभे आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नसते, म्हणून कोणी त्यांवर जाहिराती चिकटवतो.

आता जालना. "जालना सोने का पालना" ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती व्यापारावरून पडली असे सांगतात, पण पाण्यावाचून कुठल्या बाजारपेठेचा पाळणा हलला आहे? निजामशाहीच्या काळात जमशेदखान नावाचा इथला अंमलदार होऊन गेला. काळी मशीद, हमाम, सराई ही त्याची बांधकामे, आणि गावाच्या पश्चिमेचा मोती तलावही त्याचाच. हल्ली मोती तलाव म्हटले की गणेश विसर्जन आणि संध्याकाळचे फिरणे आठवते. जमशेदखानाने तो बांधला तो गावाला पाणी पाजण्यासाठी. तलावातून जमिनीखालून नळ काढले होते आणि ते गावातल्या हौदांना पाणी पोचवत. म्हणजे गल्लीतला हौद हा तलावापासून सुरू झालेल्या वाटेवरचा एक मुक्काम होता. वरून पाणी यायचे, गाळ खाली बसायचा, माणसे घागरी भरायची, उरलेले पुढे जायचे.

मशिदीच्या हौदाचेही तसेच. वजू करायचा तर पाणी पाक हवे. हनफी फिक्हच्या पंडितांनी त्यासाठी एक माप सांगून ठेवले आहे: दह दर दह, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद. एवढा हौद असेल तर त्याचे पाणी वाहत्या पाण्यासारखे समजावे, थोड्याशा घाणीने ते नापाक होत नाही. मदरशातल्या मौलवीसाहेबांनी हे सांगितले तेव्हा आम्हा पोरांना तो नुसता पाठ करण्याचा मसला वाटला होता. आज कळते की त्यात पाण्याचे शास्त्रही आहे. पाणी पुष्कळ असले की घाण पातळ होते आणि पाण्याला स्वतःला सावरायला अवधी मिळतो. अशा हौदांत मासे सोडत. शोभा व्हायची आणि मासे डासांच्या अळ्याही खायचे.

भाच्याच्या तळ्यात नेमके हेच बिनसले होते. मासा पाण्यात विष्ठा टाकतो, कल्ल्यांतूनही अमोनिया सोडतो. अमोनियाला रंग नसतो. आरशासारख्या पाण्यात तो असू शकतो आणि मासे मारू शकतो. पाण्यात, दगडांवर, गाळणीत एक जातीचे जिवाणू राहतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते झाडांचे खत. ही जिवाणूंची वस्ती बसायला पाच-सहा आठवडे लागतात. भाच्याने तळे भरले त्याच आठवड्यात चाळीस मासे सोडले, वर दिवसातून चार वेळा खाणे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि ताज्या सिमेंटचा चुना यांची त्यात भर. आणि धबधबा? "लाईट गेली की बंद," तो म्हणाला. मेच्या रात्री पाणी कोमट झाले की त्यात प्राणवायू कमी राहतो. नेमका त्याच वेळी धबधबा मुका. जुन्या हौदात ही सगळी कामे उतारच करत होता. नवे पाणी यायचे, जुने घाण घेऊन जायचे, पडताना हवा मिसळायची. अंगणातल्या तळ्यातले पाणी मात्र कुठेही जात नाही. तेच पाणी गोल गोल फिरते. म्हणून नहरीचे काम तिथे पंपाला आणि गाळणीला करावे लागते, आणि तेही चोवीस तास.

तळे पुन्हा बांधताना एक जुना गवंडी भेटला. त्याने पहिल्यांदा जमीन पाहिली. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर बांधलेला हौद तडकणारच. त्याने मुरूम लागेपर्यंत खणून पाया भरला. पूर्वी चुन्यात विटांची सुरखी घालून, गूळ आणि बेलफळाचा गर मिसळून हौदाला आतून गिलावा करत, हे त्याने आपल्या आजोबांकडून ऐकले होते. आमचा गिलावा सिमेंटचाच झाला. पण तळे तीनदा भरून, आठ-आठ दिवस ठेवून रिकामे केले आणि मगच मासे आले. या वेळी आठच, तेही दीड महिन्याने दोन-दोन करून. पहिल्या लोटातले वाचलेले दहा मासे एका ओळखीच्या माणसाच्या टाकीत पाहुणे होते. त्यांतले पाच त्याने परत दिलेच नाहीत, ही वेगळी कथा. पंप तासाला अडीच हजार लिटरचा, म्हणजे दोन तासांत सगळे पाणी एकदा गाळणीतून जाते. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर एक हवेचा छोटा पंप चालतो.

या माशाचीही थोडी गंमत सांगतो. जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ गावांत हिवाळ्यात फार बर्फ पडते. तिथले शेतकरी भातशेतीला पाणी देणाऱ्या तळ्यांत खाण्यासाठी साधा कार्प मासा पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत कुठे तांबडा, कुठे पांढरा मासा निपजू लागला. शेतकऱ्यांनी तो खाल्ला नाही, निवडून वाढवला. 1914 च्या टोकियोच्या प्रदर्शनात शहरवाल्यांनी तो पाहिला आणि मग जगभर गेला. त्याचे जपानी नाव निशिकिगोई. निशिकि म्हणजे किनखाब. आपण हिमरूवाल्यांच्या शेजारी राहणारे लोक, आपल्याला हे नाव लगेच कळावे. 2004 च्या ऑक्टोबरात त्या भागात मोठा भूकंप झाला, तळी फुटली, यामाकोशी गाव रिकामे करावे लागले. नंतर लोक परतले आणि पुन्हा मासे वाढवू लागले. तोच साधा कार्प 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आला. 1957 साली बँकॉकहून आणखी एक जात कटकला आली. आपल्या मासळी बाजारात त्याला 'सिप्रिनस' म्हणतात. म्हणजे भाच्याच्या अंगणातला हा किनखाबी साहेब बुधवारच्या बाजारात तराजूवर पडणाऱ्या सिप्रिनसचा सख्खा भाऊबंद आहे.

आता खरी अडचण. हे सारे मी जालन्यात बसून बोलतो आहे. 2012-13 च्या दुष्काळात आम्ही टँकरमागे धावलो आहोत. निजामी राजवटीतला घाणेवाडीचा तलाव उताराने, पंपाशिवाय शहराला पाणी देणारा. त्यातला गाळ काढायला तेव्हा लोक उतरले होते. माझी अम्मी भांडी घासलेले पाणी तुळशीसारखे जपून मेंदीच्या झाडाला घालायची. अशा गावात शोभेचे तळे? मी भाच्याला हा प्रश्न तोंडावर विचारला, तो चिडला. म्हणाला, "मामू, तुम्ही शायर लोक, हिशेब करत नाही."

मग हिशेब केला. तळ्यात पावणेपाच हजार लिटर पाणी. म्हणजे एका छोट्या टँकरएवढे, पण ते एकदाच. कडक उन्हाळ्यात दिवसाला बोटाच्या जाडीएवढे पाणी उडते, म्हणजे धबधब्याच्या तुषारांसह रोज पन्नासएक लिटर, तीन-चार घागरी. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, ते पावणेपाचशे लिटर. उन्हाळ्याच्या महिन्यात सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. बदललेले पाणी गटारात सोडले तर तो गुन्हा म्हणावा. झाडांना घातले तर ते खताचे पाणी. आणि छप्पर? हजार चौरस फुटांच्या छतावर साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडला की पासष्ट हजार लिटर होतात. त्याने छताचे पाणी आधी टाकीत आणि मग बोअरकडे वळवले. माझे एवढ्याने पूर्ण समाधान झालेले नाही. दुष्काळाच्या वर्षी मासे कुणाच्या तरी शेततळ्यात सोडायचे आणि तळे कोरडे ठेवायचे, असे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. तो पाळेल की नाही, ते त्या वर्षी बघू.

या खटाटोपात आमच्या जुन्या घराची आठवण निघाली. तिथे दारात चार हात लांबीचा एक हौद होता. माझ्या आठवणीत तो कधी भरलेला नाही. आजोबांच्या काळीच त्यात माती लोटून वर फरशी घातली होती आणि त्यावर आमची सायकल उभी असे. गेल्या हिवाळ्यात भाच्याने हट्टाने ती फरशी उचलली. माती काढत काढत गवंडी तळाशी गेला. गिलावा अजून शाबूत होता, हात फिरवला तर मऊ लागला. एका भिंतीत खापरी नळाचे तोंड निघाले, ताटलीएवढे गोल, पश्चिमेकडे वळलेले. मोती तलाव त्याच बाजूला आहे. नळात कोणीतरी चिंध्यांचा बोळा कोंबून वर चुना थापला होता. भाचा म्हणाला, काढू का? मी म्हटले, काढ. बोळा निघाला, मागे घट्ट माती होती. गवंड्याने पहार घातली, ती हातभर आत गेली आणि थांबली. दुपार झाली होती. आम्ही चहा प्यायलो आणि फरशी परत बसवून घेतली, कारण संध्याकाळी भाडेकरूला त्याची मोटारसायकल आत आणायची होती.