दुरून पाहणारे भिंग

गेल्या वैशाखात राजमाचीच्या वाटेवर माझ्या हातून एक अपराध घडला. करवंदीच्या जाळीत बुलबुलाचे घरटे दिसले. आत तीन उघड्या चोची. माझ्या कॅमेऱ्याला नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग. त्याने घरटे नीट टिपायचे, तर मीटरभर अंतरावर जाणे भाग होते. मध्ये एक फांदी येत होती. ती मी वाकवून बाजूला अडकवली. फोटो निघाले, पण घरट्यावरची सावली गेली. पिले उन्हात आली आणि आई समोरच्या झाडावरून आकांत करू लागली. तेवढ्यात आमचे म्हातारे वाटाडे मागून आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, फांदी होती तशी सोडा, अन् चला लांब."

आम्ही लांब जाऊन बसलो. आई परतली, पण बऱ्याच वेळाने. तोवर माझ्या जिवाची जी घालमेल झाली, ती त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

लांब राहायचे आणि तरी जवळून पाहायचे, हे साधावे कसे? घरी येऊन पुस्तके चाळली, तेव्हा कळले की हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडात यॉर्कशरच्या शेतकरी घरातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ. १८९२ साली त्यांनी घरट्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली अशा चित्रांनी सजलेले पुस्तक काढले. पण पक्ष्याच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी काय करावे? बैलाचे पोकळ कातडे उभे केले आणि आत स्वतः कॅमेरा घेऊन शिरले! एकदा हा बैल आतल्या रिचर्डसकट उलथला आणि चारी पाय आभाळाकडे झाले. धाकट्या भावाने आधी त्याचा फोटो घेतला, मग थोरल्याला बाहेर काढले म्हणतात.

आपल्याकडे वनखात्यातले अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी निराळी युक्ती केली. संयुक्त प्रांताच्या जंगलात वाघाच्या वाटेवर ते तार बांधून ठेवीत. पाय लागला की झगझगीत उजेड पडे आणि वाघ आपला फोटो आपणच काढी. १९२७ साली त्यांचे पुस्तक आले. ज्या काळी वाघासमोर बंदूक घेऊन जाण्यात मर्दुमकी मानीत, त्या काळी या माणसाने कॅमेरा पुढे केला.

तिसरा मार्ग भिंगाचा. आपण लहानपणी बहिर्वक्र भिंगाने कागद जाळला आहे. दूरची वस्तू मोठी दिसायला भिंगाचे नाभीय अंतर वाढवावे लागते. ४०० मिलिमीटरचे साधे भिंग लावायचे, तर कॅमेराही जवळजवळ तेवढाच लांब हवा. पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंग ठेवले, तर नळी आखूड होते. ही जोडणी केप्लरने १६११ सालीच सुचवली होती. १८९१ साली लंडनचा डॉलमायर, जर्मनीतला मीटे आणि म्यूनिकचा स्टाइनहाइल या तिघांनी एकमेकांवेगळे राहून तिच्यापासून टेलिफोटो भिंग घडवले. मात्र सुरुवातीच्या त्या भिंगांतून प्रकाश फार थोडा येई. चित्र उमटायला वेळ लागे आणि पक्षी काही तोवर स्वस्थ बसत नसे.

प्रकाश हवा, तर काच रुंद हवी. काच रुंद, तर ओझे जड. इथे डोंगर चढणाऱ्याची खरी परीक्षा. ४०० मिलिमीटरच्या भिंगाला ५.६ ने भागा, काचेचा व्यास ७१ मिलिमीटर येतो. २.८ ने भागा, १४३ येतो. प्रकाश चौपट, पण वजन? १९९३ साली कॅननने काढलेले पहिल्या प्रकारचे भिंग सव्वा किलोचे होते. त्याच कंपनीचे दुसऱ्या प्रकारचे एक भिंग, पुढच्या काळात पुष्कळ हलके करूनही, ३ किलो ८५० ग्रॅम भरले. पाठीवर भाकरी, पाणी आणि वर हे! माझ्यासारख्याने राजमाची गाठायची की तिसऱ्या वळणावर बसकण मारायची?

हलकेपणासाठी आरशांची भिंगे निघाली. प्रकाश आत दोनदा परततो, म्हणून नळी आखूड राहते. पण त्यांचे छिद्र कमीजास्त करता येत नाही, आणि मागच्या पानांवरचे कवडसे चित्रात बांगड्यांसारखे उमटतात. मग जुनी विद्या मदतीला आली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहासाठी जाड भिंगाऐवजी काचेची कड्याकड्यांची रचना केली होती. १८२३ साली ती कोर्दुआनच्या दीपगृहात उजळली. तशाच कड्याकड्यांच्या रचनेच्या आधाराने २०१५ साली निकॉनने ३०० मिलिमीटरचे भिंग ७५५ ग्रॅमवर आणले. जहाजांना वाट दाखवणारी युक्ती वाटसरूचे खांदे हलके करायला आली, याची मोठी गंमत वाटते.

पण त्याची किंमत माझ्या पगाराला झेपेना. शेवटी पुण्यात ते सव्वा किलोचे जुने भिंग मिळाले. त्यात हात कापण्यावर उपाय नाही. ४०० मिलिमीटरला सेकंदाच्या चारशेव्या भागाहून अधिक वेळ देऊ नये, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून मी चढणीची काठी टेकून त्यावर भिंग ठेवतो आणि ऊन चांगले वर येईपर्यंत थांबतो. हिशेब सोपा आहे: जे चित्र पूर्वी एका मीटरवरून येई, तेवढेच आता आठ मीटरांवरून येते. मधले सात मीटर पक्ष्याचे.

या चैत्रात त्याच जाळीपाशी गेलो. दुसरे घरटे होते. मी आठावर न थांबता आणखी मागे सरलो. फोटोत पक्षी लहान आला आहे, घरची मंडळी "कुठे आहे?" म्हणून विचारतात. समोरची फांदी अर्धी आडवी आली आहे. पण तिच्यामागे आई अंड्यांवर बसली आहे, आणि माझ्याकडे पाहत नाही.