आफ्रिकेच्या आकाशांतील सहकार्य

आफ्रिकेंतील अनेक राष्ट्रें १९६० च्या सुमारास स्वतंत्र झालीं. परंतु त्यांचे हवाई मार्ग जुन्या राज्यकर्त्यांच्या राजधान्यांकडेच धांवत होते. शेजारच्या देशीं जावयाचें तरी कित्येकदां लंडन वा पॅरिसचा वळसा पडे. अशा स्थितींत परस्परसहकार्य वाढावें म्हणून १९६८ सालीं घानांतील आक्रा येथें आफ्रिकन विमानकंपन्यांचा संघ स्थापन झाला. त्याचें मुख्य कार्यालय नैरोबीस आहे. संघ स्वतः विमानें चालवीत नाहीं. कर्मचाऱ्यांचें शिक्षण, इंधनाची एकत्र खरेदी यांत एकोपा घडविणें आणि सरकारांपुढें गाऱ्हाणें मांडणें, हें त्याचें कार्य. १९९९ च्या यामुसुक्रो निर्णयानें आकाश परस्परांस खुलें करण्याचें ठरलें. तथापि अंमल मंदच राहिला. संघ मार्ग सुचवितो. तो मोकळा करणें मात्र सरकारांच्याच हातीं आहे.