चारही चाके सारखी: पोर्श ९११ची पहिली दहा वर्षे

आजचा धागा एका अगदी साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा आहे. स्पोर्ट्स कारची पुढची आणि मागची चाके एकाच मापाची असावीत, की मागची अधिक रुंद असावीत? आज हा प्रश्न बहुधा दिसण्याच्या अंगाने चर्चिला जातो. मागची चाके रुंद असली की गाडी भारदस्त दिसते, एवढ्यावर विषय संपतो. मात्र १९६३ ते १९७३ या दशकात जर्मनीतील पोर्श कंपनीला याच प्रश्नाने पुरते जेरीस आणले होते, आणि त्यात पणाला लागला होता तो चालकाचा जीव.

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शने आपली नवी गाडी मांडली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ते ९११ झाले. (एका शून्याने इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नावांपैकी एक घडवले, असे म्हणायला हरकत नाही.) हवेने थंड होणारे तिचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे, गाडीच्या शेपटाकडे बसवलेले होते. साहजिकच गाडीचे सुमारे साठ टक्के वजन मागच्या दोन चाकांवर येई. चाके मात्र चारही सारखी: साडेचार इंच रुंदीची रिम आणि १६५ मापाचा टायर.

त्या काळात यात कोणाला काही वावगे वाटले नाही. बहुतेक मोटारींची चाके तशीच असत. एकच स्टेपनी कोणत्याही कोपऱ्यात बसे, आणि मागचे टायर झिजले की ते पुढे घेता येत. चारही चाके सारखी असणे ही व्यवहाराची सोय होती, आणि सोयीच्या गोष्टींची कारणे सहसा कोणी विचारत नाही.

अडचण वळणावर दिसे. गाडी वळते तेव्हा टायर आपल्या रोखाच्या नेमक्या दिशेने जात नाही. रबर पिळवटते आणि टायर किंचित तिरपा सरकत पुढे जातो. त्याला जितके जास्त वजन बाहेर फेकले जाण्यापासून आवरायचे असेल, तितका हा तिरपेपणा वाढतो. शिवाय टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती थोडी कमीच भरते. म्हणजे पुढे आणि मागे एकसारखेच टायर असतील आणि वजन मागे अधिक असेल, तर आधी हार मानणार ते मागचे टायर. गाडीचे शेपूट बाहेर झुकते आणि नाक वळणाच्या आत घुसते. यालाच ओव्हरस्टीअर म्हणतात.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वळणावर वेग जास्त झाला असे वाटताच माणूस काय करतो? घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पाय काढताच वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, आणि ज्या टायरांची पकड आधीच अपुरी होती तेच सुटतात. बहुतेक गाड्यांत जी उपजत प्रतिक्रिया माणसाला वाचवते, तीच ९११ मध्ये त्याला उलटे तोंड करून रस्त्याबाहेर नेई. माझ्या मते या गाडीच्या इतिहासाचा गाभा हाच आहे. अश्वशक्तीचे आकडे त्यानंतर येतात.

ही अडचण एकट्या पोर्शची नव्हती. अमेरिकेत शेव्हरोलेने १९५९ साली कोर्वेअर आणली: इंजिन मागे आणि चारही टायर एकाच मापाचे. तेथील अभियंत्यांनी काढलेला मार्ग हवेचा होता. पुढच्या टायरांत १५ पाउंड आणि मागच्या टायरांत २६ पाउंड हवा भरावी, अशी सूचना दिली जाई. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवायचे, म्हणजे त्यांची पकड कमी होऊन गाडीचा तोल साधेल. एकच टायर दोन वेगळ्या टायरांसारखा वागवण्याची ही युक्ती कागदावर चोख होती. पण पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलाला ती कोण सांगणार? त्याने सवयीने चारही टायरांत सारखीच हवा भरली की युक्ती संपली. राल्फ नेडर यांच्या १९६५च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिले प्रकरण याच गाडीवर आहे. १९७२च्या सरकारी अहवालाने कोर्वेअर तिच्या समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला खरा, पण तोवर तिचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे लोटली होती.

पोर्शने वेगळा आणि काहीसा हास्यास्पद वाटणारा मार्ग धरला. सुरुवातीच्या काही ९११ गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोचे ओतीव लोखंडाचे वजन दडवले गेले. हलकेपणाचा अभिमान मिरवणाऱ्या कंपनीने आपल्या गाडीच्या नाकाला २२ किलो लोखंड बांधावे, याहून बोलका पुरावा कोणता हवा? जाहिरातपत्रकांत जे लिहिलेले नसते, ते कधीकधी बंपरच्या आत सापडते.

दरम्यान शक्ती वाढतच होती. १९६६ मध्ये आलेल्या ९११ एस या प्रकारात १३० ऐवजी १६० अश्वशक्ती होती, रिम मात्र अजून साडेचार इंचीच. पुढे रिमची रुंदी साडेपाच आणि मग सहा इंचांवर गेली, पण दर वेळी चारही चाकांना समान वाटप! १९६९च्या मॉडेलात मोठा बदल झाला. इंजिन जागचे हलवले नाही. मागची चाकेच ५७ मिलिमीटर मागे सरकवली. एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या, म्हणजे लोखंडाच्या जागी निदान उपयोगाचे वजन आले. गाडी पुष्कळ सुधारली, तरी चाके अजून सारखीच.

ही समता मोडली ऑक्टोबर १९७२ मध्ये. पॅरिसच्या प्रदर्शनात कॅरेरा आरएस २.७ अवतरली. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या बनवणे आवश्यक होते. प्रत्यक्षात १,५८० तयार झाल्या. तिच्या मागच्या झाकणावरची बदकाच्या शेपटीसारखी वळलेली पट्टी सर्वांना ठाऊक आहे. छायाचित्रांत तीच आधी नजरेत भरते, आणि त्यामुळे खालची महत्त्वाची गोष्ट निसटते: पुढे सहा इंची रिमवर १८५चा टायर, तर मागे सात इंची रिमवर २१५चा. शर्यतीच्या गाड्यांत मागची रुंद चाके तोवर रूढ झाली होती, परंतु पोर्शच्या रस्त्यावरच्या गाडीत पुढचे-मागचे माप प्रथमच वेगळे झाले. आपल्या एसटीला मागे जोडचाके असतात ती भार पेलण्यासाठी. येथे हेतू वळणावरच्या पकडीचा होता, पण जिकडे वजन तिकडे रबर हे तत्त्व तेच. नऊ वर्षे वजन, बॅटरी आणि चाकांच्या जागा हलवून झाल्यावर मूळ असमतोलाला सरळ उत्तर मिळाले.

याने धोका नाहीसा झाला असे मात्र समजू नये. रुंद टायरने पकड सुटण्याची मर्यादा वर नेली. पण मर्यादा वर गेली की ती ओलांडली जाते तेव्हाचा वेगही जास्तच असतो. १९७५च्या ९११ टर्बोला मागे रुंद चाके असूनही चालकांनी ‘विधवा करणारी’ हे नाव ठेवलेच.

मग सारखी चाके म्हणजे मागासलेपणा का? तसेही नाही. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली, ती चारही बाजूंना १८५/६० आर१४ हेच टायर घेऊन. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे निम्मे असल्यामुळे तिथे सारखी चाके हेच बरोबर उत्तर होते. २०१२च्या टोयोटा ८६ मध्ये मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी चारही चाकांना २१५ मापाचे टायर दिले. रस्त्याला चिकटून बसणारी पकड त्यांना नकोच होती. बेताच्या वेगातही चालकाला गाडीची हालचाल कळावी, हा हेतू होता. टीकाकारांनी प्रियस या काटकसरी गाडीचे टायर लावले म्हणून नाके मुरडली. पण तिचे इंजिन पुढे आणि खाली बसवलेले होते. टायरच्या बाजूवर छापलेला तो आकडा वाचताना वजन कुठे आहे हे शेजारी मांडले नाही, तर १९६३च्या १६५चा आणि २०१२च्या २१५चा अर्थ एकच वाटू लागतो.