रहीम खानखानाची तसबीर

३. तसबीर: म्हणजे दाट जलरंगातले व्यक्तिचित्र. रंगात डिंक नि सफेदा असल्याने खालचा कागद दिसत नाही. एकावर एक चिकटवलेले कागद (वसली) अकीकाने घोटत, आणि दाढीचा केस न् केस खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने उमटवत. येथे अभिप्रेत आहे ते मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाचे (१५५६–१६२७), दख्खनी घडणीच्या हाशिमने रंगवलेले चित्र. ते आता वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहात आहे. दोह्यांचा रहीम तो हाच. मोगलांनी १६०१मध्ये असीरगड घेतला, तेव्हा आजचे जळगाव-धुळे ज्यात येतात तो खानदेश सुभा झाला. त्याचे ठाणे बुऱ्हाणपूर, रावेरपासून अगदी जवळ. रहीमने तिथे चित्रकार, कवी पोसले. खानदेशाच्या इतिहासात लढायांइतकीच ही चित्रशाळाही यायला हवी.