बुरशी : वैरी ते सोयरी

बुरशी म्हटले की नासलेले अन्न आणि कुजलेले पीक डोळ्यांपुढे येते. बंगळूरच्या कृषिसंशोधनाच्या आरंभकाळातही तिच्याकडे वैरी म्हणूनच पाहिले जाई. म्हैसूरच्या राजमाता वाणीविलास यांनी 1899 मध्ये प्रायोगिक शेतीसाठी हेब्बाळ येथे 30 एकर जमीन दिली. 1908 मध्ये संस्थानाच्या सेवेत आलेले कॅनडाचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी मलनाडातील सुपारीबागा उजाड करणाऱ्या कोळेरोगाचा अभ्यास केला. मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाने त्यांनी त्याला आवर घातला. या रोगाच्या कारक जीवास त्या काळी बुरशीच मानीत.

युरोपात मात्र निराळा विचार रुजला होता. मुळांना वेढणारी बुरशी झाडाला मारीत नाही, उलट पोसते, असे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी 1885 मध्ये मांडले. ग्रीक भाषेतील ‘बुरशी’ आणि ‘मूळ’ या शब्दांवरून त्यांनी या सहजीवनास ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही या सोयरिकीच्या खुणा आहेत.

बंगळूरच्या तांबड्या मातीला या सोयरिकीची विशेष गरज आहे. तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. घातलेल्या खताचा मोठा भाग पिकास मिळतच नाही. बुरशीचे तंतू मुळांवरील केसांहूनही बारीक असतात. जिथे मूळ पोहोचत नाही अशा फटींत शिरून ते स्फुरद आणि ओलावा आणतात, मातीचे कण एकत्र बांधतात. मोबदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देते. पावसाने ओढ दिली तरी असे रोप अधिक काळ तग धरते.

1964 मध्ये हेब्बाळ येथे कृषी विज्ञान विद्यापीठ सुरू झाले. तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. डी. जे. भाग्यराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. ही बुरशी जिवंत मुळांवाचून वाढत नाही. म्हणून ती कुंडीतील रोपांच्या मुळांवर वाढवून तीच माती विरजणासारखी वापरावी लागते. साऱ्या शेतात ती पसरणे परवडणारे नव्हते. तेव्हा रोपवाटिकेतच रोपांना ती सोबत द्यावी, हा मार्ग त्यांनी अवलंबिला. अशी मिरचीची रोपे शेतात लावल्यावर जोमाने वाढली, उत्पन्न वाढले आणि स्फुरदयुक्त खताची बचत झाली, हे त्यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केले.

आज महाराष्ट्रातील शेतकरीही ही बुरशी ‘व्हॅम’ या नावाने ओळखतो. तथापि स्फुरदाचा अतिरेक झाला की झाड तिला थारा देत नाही, आणि वारंवार नांगरल्याने तिचे जाळे तुटते. हेब्बाळच्या रोपवाटिकेने दिलेला धडा मोलाचा आहे : रोप उघड्या रानात जाण्यापूर्वीच त्याच्या मुळांशी सोबत जोडून द्यावी लागते. पुढे उन्हाचा तडाखा बसतो, तेव्हा तीच कामी येते.