बोलिंगच्या लेनवरचं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण मॅच फिरवतं! मिक्स्ड स्पर्धेसाठी ऑइल पॅटर्न कसा ठरवायचा?

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये बोलिंग खेळून आलेल्या कुणालाही विचारा, लेन कशी होती? उत्तर येतं, एकदम चकाचक. पण त्या गुळगुळीत लेनवर तेल लावलेलं असतं आणि ते सगळीकडे सारखं नसतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

मजेसाठी खेळताना याने फरक पडत नाही. पण पुरुष, महिला, साठी ओलांडलेले आणि कॉलेजची पोरं अशी सगळी मंडळी एकाच स्पर्धेत उतरली, की हे तेलच कुणाला हात देतं तर कुणाचा घात करतं. म्हणून मिक्स्ड स्पर्धेत वादाचा पहिला मुद्दा असतो तो ऑइल पॅटर्न.

मुळात तेल लावतात कशाला?

टेनपिन बोलिंगची लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब आणि साडेएक्केचाळीस इंच रुंद असते. या रुंदीत ३९ पट्ट्या असतात, त्यांना बोर्ड म्हणतात. जड चेंडूंच्या घर्षणाने लाकडी लेन खराब होऊ नये म्हणून तेल लावायला सुरुवात झाली. पुढे तेच तेल खेळाचा भाग बनलं.

एका लेनला साधारण २० ते ३० मिलीलिटर तेल लागतं, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. मशीन ते सुरुवातीच्या ४० फुटांच्या आसपास पसरवतं आणि पिनांजवळचा भाग कोरडा राहतो. तेलावर चेंडू घसरत जातो, कोरड्या भागात त्याला पकड मिळते आणि तो वळतो. यालाच हूक म्हणतात. चेंडू तिरका येऊन पहिल्या पिनच्या बाजूला धडकला की स्ट्राइकची शक्यता वाढते. म्हणजे चेंडू कुठून वळणार हे बरंचसं तेल ठरवतं.

हाउस पॅटर्न म्हणजे काय?

बहुतेक सेंटरमध्ये रोजच्या खेळासाठी जो पॅटर्न असतो तो हाउस पॅटर्न. यात मधल्या बोर्डांवर भरपूर तेल आणि कडेला अगदी कमी. मधलं तेल कडेच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. चेंडू थोडा बाहेर गेला तर कोरड्या भागातून वळून परत येतो, थोडा आत पडला तर तेलावर सरळ जातो. दोन्ही चुका पोटात घातल्या जातात.

याच्या उलट स्पोर्ट पॅटर्न. त्यात हे प्रमाण साधारण तीनास एक किंवा त्याहून कमी असतं. इथे चुकीला माफी नाही.

लांबी बदलली की फायदा बदलतो

पॅटर्नची लांबी फुटांत घ्यायची आणि त्यातून ३१ वजा करायचे. जो आकडा येतो, त्या बोर्डच्या आसपास चेंडू तेलातून बाहेर पडायला हवा, असा खेळाडूंचा ठोकताळा आहे. ४० फुटांचा पॅटर्न असेल तर नववा बोर्ड. ३५ फुटांचा असेल तर चौथा, म्हणजे जवळपास गटरच्या काठावर. अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवरचा प्रसिद्ध 'चीता' पॅटर्न असाच आखूड आहे.

आखूड पॅटर्नवर कोरडा भाग जास्त मिळतो. ज्यांचा चेंडू जोरात फिरतो, त्यांना तो आवरणं कठीण जातं आणि कडेने सरळ टाकणारे खूश असतात. लांब पॅटर्नवर वळायला जागा कमी उरते. तिथे ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टेसारखे दोन हातांनी टाकून चेंडूला प्रचंड फिरकी देणारे खेळाडू हूक काढू शकतात, पण कमी फिरकीवाल्यांचे हाल होतात.

म्हणून मिक्स्ड स्पर्धेसाठी ३८ ते ४१ फुटांचा मध्यम पॅटर्न आणि हाउस व स्पोर्ट यांच्या मधलं प्रमाण, उदाहरणार्थ चारास एक ते सहास एक, हा सुरक्षित पर्याय ठरतो. अनुभवी माणसाला कौशल्य दाखवता येतं आणि नवख्याची पहिल्याच गेममध्ये दैना होत नाही.

मग महिलांना हँडिकॅप का देतात?

तेलाला पुरुष-महिला कळत नाही, त्याला कळतो फक्त चेंडूचा वेग आणि फिरकी. २४ जानेवारी २०१० ला लास वेगासमध्ये केली क्युलिकने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या फायनलला ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असं हरवलं, तेही हँडिकॅपशिवाय. दुसरीकडे वर्ल्ड बोलिंग टूरवर महिलांना प्रत्येक गेममागे ८ पिनांचा हँडिकॅप दिला जात असे.

क्लबच्या स्पर्धांत हँडिकॅप सरासरीवरून काढतात. समजा, आधार २२० आणि टक्केवारी ९० आहे. तर १५० सरासरीच्या खेळाडूला ६३ पिना मिळतात, २०० वाल्याला १८. पण खरी गोम इथेच आहे. सरासरी हाउस पॅटर्नवरची आणि स्पर्धा स्पोर्ट पॅटर्नवर, असं झालं तर हे गणितच कोसळतं. म्हणूनच अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने स्पोर्ट पॅटर्नवरची सरासरी नेहमीच्या सरासरीत बदलण्यासाठी वेगळा तक्ता ठेवला आहे.

पॅटर्न निवडला म्हणजे काम संपत नाही

खेळ सुरू झाला की तेल जागचं हलतं. आजचे रेझिनचे चेंडू तेल शोषून घेतात, तर प्लास्टिक आणि युरेथेनचे चेंडू ते पुढे ओढून नेतात. सकाळच्या तुकडीला ताजं तेल आणि दुपारच्या तुकडीला उरलंसुरलं मिळालं, तर ती एकच स्पर्धा राहत नाही. म्हणून प्रत्येक तुकडीआधी लेन पुसून पुन्हा तेल लावावं लागतं आणि प्रत्येक गेमनंतर खेळाडूंची लेन बदलावी लागते.

डावखुऱ्यांचाही प्रश्न असतोच. ते संख्येने कमी असल्यामुळे त्यांच्या बाजूचं तेल जास्त वेळ टिकतं. हा फरक पुसता येत नाही. पण निदान पॅटर्न डावी-उजवीकडे सारखा हवा.

शेवटची गोष्ट फुकटात होते. पॅटर्नचा तक्ता, म्हणजे लांबी, प्रमाण आणि एकूण तेल, नोंदणी सुरू होतानाच सगळ्यांना कळवायचा. नाहीतर त्याच सेंटरवर रोज खेळणाऱ्यांना तो आधीच ठाऊक असतो आणि बाहेरून येणारे पहिले दोन गेम अंदाज बांधण्यातच घालवतात. सगळ्यांना सारखाच सोपा जाईल असा पॅटर्न मिळणार नाही, पण सगळ्यांना तो सारखाच आधी कळेल, एवढं आयोजकांच्या हातात नक्की असतं.