ऊसवाहतूक : बैलजोडीपासून दुहेरी ट्रॉलीपर्यंत

नांदेड-हिंगोली मार्गावरील डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) हे ऊस व केळीच्या पट्ट्यातील गाव. भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचे एक युनिट येथे उभे राहिले. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि शिगोशीग भरलेले ट्रक हे अशा गावांच्या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य. ओझे ओढण्याच्या या कामाचे स्वरूप काही दशकांत पार पालटले आहे.

महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे घातला गेला. त्या काळी ऊसवाहतुकीची मुख्य भिस्त बैलगाडीवर होती. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकांची जागा पुढे रबरी टायरने घेतली आणि ‘टायरगाडी’ रूढ झाली. तरीही एका जोडीला दीड-दोन टनांहून फारसे अधिक ओझे झेपत नसे. त्यामुळे बैलांच्या पल्ल्यातला ऊस तोच कारखान्याचा ऊस, असे गणित होते.

आयशर कंपनीचा भारतात जुळवलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथून बाहेर पडला. प्रारंभी नांगरणीपुरता असलेला ट्रॅक्टर हळूहळू वाहतुकीत उतरला. अश्वशक्ती वाढत गेली, एका ट्रॉलीमागे दुसरी जोडली गेली आणि एका खेपेत पंधरा-वीस टन ऊस जाऊ लागला. म्हणजे जवळजवळ दहा बैलगाड्यांचे ओझे! लांबच्या उसासाठी ट्रक आले. मात्र थेट फडात शिरण्याचे काम ट्रॅक्टरच सुलभपणे करतो.

ओढण्याची ताकद केवळ इंजिनात नसते. मागील चाकांची जमिनीवरील पकड तितकीच महत्त्वाची. ओझे अवजड झाले की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते. अमेरिकेत १९२९ पासून होत आलेल्या ट्रॅक्टर ओढ स्पर्धांचा आधार हाच आहे. त्यांतील आधुनिक घसरगाडीवरचे वजन पुढे जाता जाता ट्रॅक्टरकडे सरकते आणि ओढ वाढत जाते. सर्वाधिक अंतर कापणारा जिंकतो. तेथे मैदान सपाट असते आणि गाडी बेकाबू झाल्यास इंजिन तत्काळ बंद पाडण्याची सोय सक्तीची असते.

रस्त्यावर मात्र खरा प्रश्न ओढण्याचा नसून थांबण्याचा आहे. अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. उतारावर मागचे ओझेच ट्रॅक्टरला ढकलते. मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली, पंक्चर होऊन रात्री उभी राहिलेली ट्रॉली दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते.

वेगाची निकड मात्र नाकारता येत नाही. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. म्हणून तोडणीनंतर शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे, असे मानले जाते. काट्यावरच्या रांगेत खोळंबलेल्या गाडीचा तोटा शेवटी शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. शिवाय २००९ पासून लागू झालेली रास्त व किफायतशीर किंमत कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेल्या उसाची असल्याने तोडणी व वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून वजा होतो.

बैलगाडी अद्याप पूर्णपणे हटलेली नाही. जवळच्या फडांत ती दिसते. ओढण्याची क्षमता मात्र दहापट वाढली आहे. ब्रेक, दिवे व परावर्तक पट्ट्यांची व्यवस्था तिच्या बरोबरीने येणे, हाच या प्रवासातील राहिलेला टप्पा आहे.